शीख कलेची दालने आणि संग्रहालयाची जबाबदारी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात एक सर्वसाधारण प्रश्न चर्चेला घेतला होता : ज्या वस्तू आजही कोणाच्या तरी नित्य श्रद्धेचा भाग आहेत, त्या संग्रहालयात कशा मांडाव्यात? त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे शीख परंपरेविषयी आहेत आणि त्यांतील काही नांदेडहून आलेली आहेत. या वेळचे सदर म्हणून केवळ शीख कला आणि तिची संग्रहालयातील मांडणी यांसाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : मी संग्रहालयशास्त्राचा विद्यार्थी आहे. श्री गुरू ग्रंथ साहिबांचे जुने हस्तलिखित एखाद्या संग्रहालयाला मिळाले, तर ते इतर पोथ्यांप्रमाणे काचपेटीत उघडून ठेवता येईल का? (एक विद्यार्थी, नांदेड)

इतर पोथ्यांप्रमाणे ठेवता येणार नाही. गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथाचे संकलन पूर्ण करून १६०४ मध्ये अमृतसरच्या हरिमंदिरात त्याची स्थापना केली आणि १७०८ मध्ये तुमच्याच नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरुपद दिले, ही शीख श्रद्धेची आधारशिला आहे. शीख माणसाच्या दृष्टीने संपूर्ण सरूप, म्हणजे ग्रंथाची प्रत, हे गुरूंविषयीचे पुस्तक नसून साक्षात गुरू आहे. पहाटे त्याचा प्रकाश होतो म्हणजे ते विधिपूर्वक उघडले जाते, रात्री सुखासन होते म्हणजे ते विश्रांतीसाठी मिटले जाते, वर चंदोआ म्हणजे कापडी छत असते, अंगावर रुमाला हे वस्त्र असते, शेजारी चवरी ढाळली जाते आणि समोर येणारा मनुष्य पादत्राणे काढून, डोके झाकून येतो. आपल्या संग्रहालयांत लोक बूट घालून, गप्पा मारत, मुलांना कडेवर घेऊन फिरतात. त्यात गैर काहीच नाही, परंतु त्या वर्दळीच्या मध्यभागी सरूप उघडून ठेवणे म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांना बाजारात खुर्ची टाकून बसवण्यासारखे आहे.

म्हणून पहिले काम मांडणीचे नसून विचारपूस करण्याचे आहे. हस्तलिखित हाती येताच स्थानिक गुरुद्वाऱ्याच्या ग्रंथींना, म्हणजे ग्रंथाचे पठण व सेवा करणाऱ्यांना, बोलवावे, त्यांच्याकडून ते सरूप संपूर्ण आहे की खंडित हे समजून घ्यावे आणि पुढील प्रत्येक पायरी त्यांच्या सल्ल्याने ठरवावी. साठवणीच्या खोलीत त्यासाठी सर्वांत वरचा, स्वतंत्र कप्पा असावा, त्यावर दुसरे कोणतेही सामान नसावे, ते स्वच्छ वस्त्रात गुंडाळलेले असावे आणि हाताळणाऱ्याने हात धुऊन, डोके झाकून काम करावे. यांपैकी एकही गोष्ट संवर्धनशास्त्राच्या विरुद्ध नाही. धूळ, घाम आणि वजनाचा दाब यांपासून कागद वाचवण्यासाठी आपण एरवीही हेच सांगतो. प्रदर्शनात ठेवायचेच झाले, तर उंच पीठावर, गादी आणि रुमाल्यासह, शस्त्रे किंवा मद्यपात्रे यांच्या आसपास नव्हे तर वेगळ्या शांत कोपऱ्यात ठेवावे आणि आत येतानाच फलकावर नम्र सूचना असावी. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सतराव्या शतकातील एक हस्तलिखित प्रत आहे. अशा प्रतीचा अभ्यास जगभरच्या संशोधकांना छायाचित्रांवरून करता येतो, ही सोयही विसरता कामा नये. माझे स्वतःचे मत असे की लहान संग्रहालयाने संपूर्ण सरूप प्रदर्शनात ठेवण्याचा मोह टाळावा आणि एखाद्या पृष्ठाचे उत्तम छायाचित्र लावावे.

मात्र ग्रंथ, गुटका (नित्यपाठाची लहान पोथी), जनमसाखी आणि हुकुमनामा यांना एकाच मापाने मोजू नका. हुकुमनामे म्हणजे गुरूंनी निरनिराळ्या गावांच्या संगतींना, म्हणजे भक्तसमुदायांना, पाठवलेली पत्रे. जनमसाख्या म्हणजे गुरू नानकांच्या चरित्रकथा. त्यांचा आदर राखावा लागतो, पण ती गुरुपदावर नाहीत आणि काचपेटीत त्यांची मांडणी योग्य रीतीने होऊ शकते.

तुमच्या पत्रात न आलेली एक बाजू येथे मांडणे मला आवश्यक वाटते. जीर्ण झालेल्या सरूपांचा सन्मानपूर्वक अग्नभेट संस्कार, म्हणजे अग्नीला अर्पण, करण्याची प्रथा आहे आणि पंजाबात गोइंदवाल साहिब येथे तो मोठ्या प्रमाणावर होतो. प्रथेमागची भावना निर्मळ आहे, कारण गुरूचा देह उकिरड्यावर जाऊ नये हीच तिची प्रेरणा आहे. परंतु छापील प्रतींबरोबर अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील हस्तलिखितेही अग्नीच्या स्वाधीन झाली तर सोनेरी वेलबुट्टीच्या चौकटी, लेखनिकांच्या नोंदी, पाठभेद हे सारे एका क्षणात नाहीसे होते. १९८४च्या जूनमध्ये हरिमंदिर साहिबांच्या आवारातील शीख संदर्भ ग्रंथालय उद्ध्वस्त झाले. त्यातील हस्तलिखितांचे पुढे काय झाले याचा वाद आजही मिटलेला नाही. अशा हानीनंतर उरलेली प्रत्येक प्रत मोलाची आहे. चंडीगढची पंजाब डिजिटल लायब्ररी २००३ पासून गुरुद्वारे, डेरे आणि खासगी घरांतील हस्तलिखितांची छायाचित्रे घेत आहे. पाने ग्रंथींनी उलटायची आणि छायाचित्रकाराने केवळ कॅमेरा सांभाळायचा, अशी विभागणी केली तर मर्यादाही राहते आणि अभ्यासाचे साधनही वाचते. नांदेड परिसरात असे काम उभे राहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत आणि त्यांच्या जुन्या पाठांचा अभ्यास मराठी संशोधकांनाही हवा आहे.

प्रश्न : शीख धर्मात मूर्तिपूजा नाही, मग गुरूंची चित्रे इतकी कशी? संग्रहालयाने ती लावणे योग्य आहे का? (एक निवृत्त शिक्षिका, पुणे)

चित्र असणे आणि चित्राची पूजा करणे यांतील अंतर शीख परंपरेने आरंभापासून ओळखलेले आहे. गुरुद्वाऱ्यात मुख्य स्थानी केवळ ग्रंथ असतो. भिंतीवर, घरात, दिनदर्शिकेवर चित्रे असतात. गुरूंची मूर्ती घडवणे किंवा रंगभूमीवर कोणी गुरूंची भूमिका करणे मात्र बहुसंख्य शिखांना मान्य नाही आणि संग्रहालयानेही ही सीमा पाळावी. मेणाचा पुतळा किंवा तोंडावळा दिलेली प्रतिकृती उभी करून मुलांना ‘इतिहास जिवंत’ करून दाखवण्याची कल्पना एखाद्या मांडणीकाराला सुचली, तर तिला तेथेच नकार द्यावा.

चित्रे लावताना खरी अडचण वेगळीच असते. गुरू नानकांचा काळ १४६९ ते १५३९ हा आहे आणि त्यांच्या हयातीत काढलेले विश्वसनीय चित्र उपलब्ध नाही. आपण पाहतो ती सर्व चित्रे पुढच्या पिढ्यांनी आपल्या भक्तीतून आणि आपापल्या चित्रशैलीतून घडवलेली आहेत. ब्रिटिश लायब्ररीत असलेली, ‘बी-४०’ या क्रमांकाने ओळखली जाणारी जनमसाखी १७३३ मधील आहे. दयाराम अबरोल यांनी ती करवून घेतली आणि आलमचंद राज या चित्रकाराने तिच्यात ५७ चित्रे काढली. त्या चित्रांकडे जवळून पाहावे. पार्श्वभूमी सपाट रंगाची, झाड एखादेच, आकृत्या मोजक्या. गुरू बसलेले आहेत, समोर कोणी राजा, साधू किंवा राक्षस आहे आणि बाजूला त्यांचा सोबती मर्दाना रबाब हे तंतुवाद्य घेऊन आहे. पोशाखात हिंदू साधूचा आणि मुसलमान फकिराचा असे दोन्ही संकेत मिसळलेले दिसतात. दरबारी चित्रातील झगमगाट येथे नाही, कारण चित्रकाराला दरबार दाखवायचा नसून संवाद दाखवायचा आहे. संग्रहालयातील प्रेक्षकाने याच गोष्टीपाशी थांबावे, असे मला वाटते. दुर्दैवाने अनेक प्रदर्शनांत जनमसाखीचे पान सोन्याच्या तलवारीशेजारी लावले जाते आणि लोकांचे डोळे तलवारीवरच खिळतात.

त्यानंतर डोंगरी राज्यांतील चित्रकार शीख आश्रयाला आले. गुलेरच्या नैनसुखच्या घराण्यातील चित्रकारांनी केलेली गुरूंची चित्रमालिका चंडीगढच्या शासकीय संग्रहालयात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाहोर आणि अमृतसरच्या बाजारात लाकडी ठशांची स्वस्त चित्रे विकली जात. लाहोरला कलाशाळा चालवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांनी ती जमवली आणि १९१७ मध्ये त्यांच्या मुलाने तो संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयाला दिला. ज्यांना बाजारात किंमत नव्हती अशी ही कागदे आज सामान्य माणसाच्या श्रद्धेचा सर्वांत बोलका पुरावा ठरली आहेत. विसाव्या शतकात १९५८ मध्ये हरिमंदिर साहिबांच्या आवारात केंद्रीय शीख संग्रहालय सुरू झाले आणि कृपालसिंग यांच्यासारख्या चित्रकारांनी तेथे लढाया व हौतात्म्याचे प्रसंग मोठ्या तैलचित्रांत रंगवले. घरोघरी दिसणारे, आशीर्वादाचा हात उंचावलेले पांढऱ्या दाढीचे गुरू नानक शोभासिंग यांनी १९६९ मध्ये, गुरूंच्या पाचशेव्या जयंतीच्या वर्षी रंगवले.

म्हणून ओळखपट्टीवर केवळ ‘गुरू नानक’ असे लिहिणे अपुरे आहे. कोणत्या चित्रकाराने, कोणत्या साली, कोणासाठी ते रंगवले आणि ते त्या काळच्या भक्तांच्या मनातील रूप आहे, एवढे चार ओळींत सांगता येते. असे लिहिल्याने श्रद्धा दुखावते, ही भीती मला अनाठायी वाटते. शीख प्रेक्षकाला गुरू चित्रात शोधायचे नसतात. ते त्याला शबदात, म्हणजे ग्रंथातील पदांत, भेटतात.

प्रश्न : लंडनमध्ये महाराजा रणजितसिंगांचे सोन्याचे सिंहासन पाहिले आणि मन खिन्न झाले. ते परत यायला नको का? (एक वाचक, मुंबई)

तुमची खिन्नता रास्त आहे. १८४९च्या मार्चमध्ये कंपनी सरकारने पंजाब आपल्या राज्यास जोडला, तेव्हा गादीवर रणजितसिंगांचा धाकटा मुलगा दुलीपसिंग होता आणि त्याचे वय अवघे दहा वर्षांचे होते. त्या वेळच्या तहानुसार कोहिनूर राणीकडे गेला, तोशाखान्यातील, म्हणजे राजकोशातील, निवडक वस्तू इंग्लंडला रवाना झाल्या आणि उरलेल्या बऱ्याचशा वस्तूंचा लाहोरलाच लिलाव झाला. सिंहासन कंपनीच्या लंडनमधील संग्रहात गेले आणि १८७९ मध्ये, आज व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयाकडे आले.

वस्तू म्हणून ते असामान्य आहे. लाकूड आणि राळ यांच्या सांगाड्यावर सोन्याचे पत्रे चढवून त्यांवर उठावाचे ठोककाम आणि कोरीवकाम केलेले आहे. तळाशी कमळाच्या पाकळ्यांचे दोन थर आहेत, म्हणजे देवतांच्या पद्मासनाची आठवण करून देणारी ही बैठक आहे. तिचा अष्टकोनी घाट मात्र मोगल दरबारातील सामानाच्या वळणाचा आहे. कारागिराचे नाव हाफिज मुहम्मद मुलतानी. शीख राजा, मुसलमान सोनार आणि हिंदू प्रतीक हे त्या एका वस्तूत एकत्र नांदतात. म्हणूनच ‘शीख कला’ म्हणजे केवळ शिखांनी घडवलेली कला, असा अर्थ कोणी संग्रहालय सुचवत असेल तर ते लाहोर दरबारावर अन्याय करते. इमामबख्श लाहोरींसारखे चित्रकार, फकीर अजीजुद्दिनांसारखे मंत्री आणि नेपोलियनच्या सैन्यातून आलेले फ्रेंच सेनानी हे सारे त्याच दरबाराचे घटक होते. स्वतः रणजितसिंग या सिंहासनावर क्वचितच बसत. त्यांना गालिच्यावर मांडी घालून बसणे आवडे.

आता परतीविषयी. परत म्हणजे कोठे, हा प्रश्न टाळता येत नाही. सिंहासन लाहोर दरबाराचे होते आणि लाहोर आज पाकिस्तानात आहे. तेथील किल्ल्यात दुलीपसिंगांची कन्या राजकन्या बंबा यांचा संग्रह आहे, शहरात फकीर घराण्याचे खासगी संग्रहालय आहे आणि फाळणीनंतर लाहोर संग्रहालयाच्या वस्तूंची १९४८ मध्ये साठ-चाळीस अशी वाटणी होऊन भारताच्या वाट्याचा भाग पुढे चंडीगढला स्थिरावला. अमृतसरला हक्क आहे, लाहोरलाही आहे. याउलट गुरू गोविंदसिंगांची म्हणून इंग्लंडला नेलेली शस्त्रे १९६६ मध्ये भारतात परत आली आणि आनंदपूरच्या तख्त केशगढ साहिब (तख्त म्हणजे शिखांचे सर्वोच्च धर्मपीठ) येथे ठेवली गेली, कारण ती कोणाची आणि त्यांचे स्थान कोठे, याविषयी शंका नव्हती. सिंहासनाबाबत मला आज आग्रह धरावासा वाटतो तो ओळखपट्टीचा. दहा वर्षांच्या मुलाकडून, पराभवानंतर, कोणत्या तहाने आणि कोणाच्या हुकुमाने ही वस्तू घेतली गेली, हे तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला वाचता आले पाहिजे. परतीचा निर्णय सरकारे करतील तेव्हा करतील. खरे लिहिण्यासाठी अभिरक्षकाला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

याच संग्रहालयाने १९९९ मध्ये, खालसा पंथाच्या स्थापनेला ३०० वर्षे झाली तेव्हा, शीख राज्यांच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरवले आणि ते पुढे सॅन फ्रान्सिस्को व टोरांटोलाही गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या आशियाई कला संग्रहालयात २००३ मध्ये शीख कलेचे कायमचे दालन सुरू झाले, त्यामागे तंतुप्रकाशशास्त्राचे (फायबर ऑप्टिक्सचे) संशोधक नरिंदरसिंग कपानी यांचे दान होते. परदेशातील शीख कुटुंबांनी स्वतःच्या पैशाने आणि चिकाटीने हे घडवून आणले, याचा मला मनापासून आदर आहे. एक उणीव मात्र जाणवत राहते. संग्राहकांच्या हाती जे येते ते बहुधा राजवैभवाचे असते, त्यामुळे दालने हिरे, ढाली आणि दरबारी चित्रांनी भरतात. लंगरची म्हणजे सामुदायिक भोजनाची कढई, शेतकऱ्याचे अवजार, रागी जथ्याचे म्हणजे कीर्तनकारांच्या गटाचे वाद्य यांना जागा उरत नाही. ज्या पंथात राजा आणि रंक एकाच पंगतीत जेवतात, त्याच्या दालनात ती पंगत दिसली पाहिजे.

प्रश्न : माझ्या संग्रहात अमृतसर टांकसाळीचा चांदीचा रुपया आहे. त्यावर १८८५ हे साल आहे. पण तेव्हा तर इंग्रजांचे राज्य होते. नाणे बनावट आहे का? (एक नाणेसंग्राहक, कोल्हापूर)

केवळ या कारणावरून बनावट म्हणता येणार नाही. ते साल इसवी सनाचे नसून विक्रम संवताचे आहे. संवत १८८५ म्हणजे इसवी सन १८२८-२९. शिवाय या नाण्यांवर संवत १८८४ किंवा १८८५ हे साल पुढील अनेक वर्षे तसेच गोठवून ठेवले गेले आणि प्रत्यक्ष वर्षाचे आकडे लहान अक्षरांत वेगळे घातले गेले. भिंगाखाली ते शोधावेत. नाण्यावर झाडाचे पान दिसेल, फारसी मजकूर दिसेल, पण रणजितसिंगांचे नाव कोठेही दिसणार नाही. राजाने नाणी गुरूंच्या नावाने पाडली, स्वतःच्या नव्हे. या नाण्यांना नानकशाही म्हणतात ते त्यामुळेच. चांदीची शुद्धता आणि वजन मात्र जाणकाराकडून तपासून घ्या.

प्रश्न : नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातील शस्त्रे सुरक्षित राहावीत म्हणून ती आधुनिक संग्रहालयात हलवावीत, असे मला वाटते. आपले मत? (एक वाचक, नांदेड)

मी याच्याशी सहमत नाही. सचखंड हुजूर साहिबची सध्याची वास्तू रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत उभी राहिली आणि तेथील शस्त्रे गुरूंच्या सान्निध्याची खूण म्हणून जपलेली आहेत. दररोज संध्याकाळी संगतीला त्यांचे दर्शन घडवले जाते आणि दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या तख्तस्नानाच्या वेळी ती गोदावरीच्या पाण्याने धुतली जातात. शस्त्र म्हणजे शक्तीचे रूप, ही गुरू गोविंदसिंगांच्या वाणीतील धारणा त्या विधीत प्रत्यक्ष जगली जाते. ती काचेमागे गेली की पोलादाचे तुकडे उरतील आणि त्यांचा प्राण जाईल.

तुमची चिंता मात्र खोटी नाही, कारण पाणी आणि पोलाद यांचे वैर सर्वांना ठाऊक आहे. धुतल्यानंतर मुठीच्या सांध्यांत आणि कोफ्तगरीच्या, म्हणजे पोलादात बसवलेल्या सोन्याच्या तारांच्या कडांना ओल राहिली तर गंज आतून धरतो. त्यावर उपाय विधीच्या आत राहूनच करता येतात : मऊ सुती कापडाने लगेच आणि पूर्ण कोरडे करणे, शुद्ध खनिज तेलाचा किंवा सूक्ष्म मेणाचा पातळ हात देणे, वाळूने किंवा चिंचेने कधीही न घासणे, आणि प्रत्येक शस्त्राचे माप, वजन व सर्व बाजूंची छायाचित्रे यांची नोंद ठेवणे. ही नोंद विशेष महत्त्वाची आहे. २००८ मध्ये लंडनच्या एका लिलावगृहाने गुरू गोविंदसिंगांशी संबंधित असल्याचे सुचवले गेलेले पोलादी चिलखताचे पान विक्रीला काढले होते आणि शीख समाजाच्या निषेधानंतर ते मागे घेण्यात आले. अशा वेळी कोणती वस्तू कोठून कोठे गेली, हे सांगायला जुन्या नोंदीच उपयोगी पडतात. संवर्धकाने तख्तावर जाऊन सेवादारांबरोबर बसून काम शिकवावे आणि त्यांच्याकडून शिकावेही. वस्तू जागची हलू नये.

प्रश्न : गुरुद्वाऱ्यांच्या भिंतींवरील जुनी चित्रे नष्ट होत आहेत, असे वाचले. ती संग्रहालयात नेता येत नाहीत का? (एक वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी, नाशिक)

ओल्या चुन्यावर रंग मुरवून केलेली ही चित्रे, ज्यांना पंजाबात मोहराकशी म्हणतात, भिंतीपासून वेगळी करणे अत्यंत कठीण असते आणि तसे करणे हा शेवटचा इलाज आहे. अमृतसरच्या नऊ मजली बाबा अटल वास्तूत गुरू नानकांच्या जीवनावरील अशी चित्रे आहेत. हरिमंदिर साहिबांत ग्यानसिंग नक्काश यांनी आयुष्याची अनेक वर्षे भिंतींवर वेलबुट्टी रेखाटली. धोका येतो तो बहुतेक वेळा प्रेमातूनच. कारसेवेत, म्हणजे गुरुद्वाऱ्यासाठीच्या श्रमदानात, भाविक नवा संगमरवर, नव्या फरशा, नवा रंग अर्पण करतात आणि त्याखाली जुनी भिंत कायमची झाकली जाते. २०१९च्या मार्चमध्ये तरनतारनच्या दरबार साहिबची एकोणिसाव्या शतकातील दर्शनी ड्योढी, म्हणजे प्रवेशद्वाराची वास्तू, कारसेवेत पाडली जाऊ लागली, तेव्हा भाविकांनीच विरोध केला आणि काम थांबवावे लागले. विरोध करणारे लोक शीखच होते, ही त्यातील आशेची बाब आहे. संग्रहालयांनी येथे आपली भिंत सोडून बाहेर पडले पाहिजे : मोजमापाची रेखाचित्रे, रंगांचे नमुने, संपूर्ण छायाचित्रण, आणि मुख्य म्हणजे कारसेवा करणाऱ्या जथेदारांशी, म्हणजे त्या गटांच्या प्रमुखांशी, काम सुरू होण्याआधी बोलणे.

प्रश्न : आमचे कुटुंब फाळणीनंतर रावळपिंडीहून येऊन शीव कोळीवाड्यात स्थायिक झाले. आजीने आणलेला फुलकारीचा, म्हणजे पंजाबी भरतकामाचा, बाग घरात आहे. तो कसा जपावा, आणि संग्रहालयाला द्यावा का? (एक वाचक, मुंबई)

आधी तो नीट पाहा. जाड खादीच्या दोन-तीन अरुंद पट्ट्या शिवून कापड रुंद केलेले असेल आणि त्यावर पीळ न दिलेल्या रेशमाच्या धाग्याने भरतकाम असेल. हे काम कापडाच्या उलट बाजूने, नक्षी न आखता, केवळ ताण्याबाण्याचे धागे मोजून केले जाते. ज्यात पृष्ठभाग जवळपास पूर्ण झाकला जातो त्याला बाग म्हणतात. एखाद्या कोपऱ्यात अचानक वेगळ्याच रंगाचे चौकोन दिसले तर ती चूक समजू नका. दृष्ट लागू नये म्हणून अशी खूण मुद्दाम ठेवली जाई. आजोळच्या आजीने नातीच्या लग्नासाठी केलेला चोप, सासरच्यांनी सुनेसाठी केलेला वरीचा बाग, देवस्थानाला अर्पण करण्यासाठी केलेला दर्शनद्वार असे त्याचे प्रकार आहेत, आणि प्रकार कळला की तो कोणासाठी केला होता हेही कळते. फुलकारी ही शीख, हिंदू आणि मुसलमान अशा सर्व पंजाबी स्त्रियांची कला आहे, त्यामुळे संग्रहालयाने तिच्यावर केवळ ‘शीख’ असा शिक्का मारणे बरोबर नाही.

जपण्याविषयी सांगायचे तर बाग धुऊ नका आणि ड्रायक्लीनिंगलाही देऊ नका. लाल रंग सुटतो आणि लांब टाके अडकून तुटतात. घडी घातली की त्या रेषेवर रेशीम चिरते, म्हणून रुंद नळीवर आम्लरहित कागद गुंडाळून, भरतकामाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा आणि वर धुतलेले मलमल बांधा. डांबराच्या गोळ्या कापडाला थेट लागू देऊ नका. मुंबईच्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून कसर आणि बुरशी पाहा. भिंतीवर कायमचा टांगू नका. संग्रहालयातही अशा कापडावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू देत नाहीत आणि काही महिन्यांनी ते विश्रांतीसाठी आत नेतात.

देण्याचा निर्णय कुटुंबाचा आहे आणि घाईने करण्याचा नाही. घरात पुढच्या पिढीला त्याची ओढ असेल तर तो घरीच असावा. द्यायचे ठरवलेच, तर ज्या संग्रहालयाकडे वस्त्रांसाठी स्वतंत्र साठवण आणि संवर्धक आहे, त्यालाच द्या. दानपत्रात आजीचे नाव, माहेरचे गाव, बाग कोणी व कोणत्या प्रसंगासाठी भरला, १९४७ मध्ये तो कसा आणला गेला, एवढे सर्व लिहून घ्या आणि कुटुंबाला तो पाहण्याची मुभा राहील अशी अट घाला. जगभरच्या संग्रहालयांत शेकडो फुलकाऱ्या आहेत, परंतु त्या भरणाऱ्या स्त्रियांची नावे जवळजवळ कोठेच नोंदलेली नाहीत. आजीविषयी घरातील ज्येष्ठांना जे आठवते ते याच महिन्यात लिहून काढा, ध्वनिमुद्रितही करा. बाग घरी राहिला तरी त्या कागदाची एक प्रत त्याच्यासोबतच, वेगळ्या पाकिटात ठेवा.